इंजिनघराचा उंबरा

परभणी, भाद्रपद व. ११, शके १८६०

जिनिंगचं इंजिन आज उघडलं. कापसाच्या हंगामाला महिना राहिला. भिवा, कासम सकाळीच हजर. तीन वर्षांपूर्वी जिनिंगमागच्या झोपड्यांतून आणले तेव्हा भिवा हमाली करायचा आणि कासम दिवसभर पत्ते कुटत बसायचा. लोक मला हसले होते. आज भिवा नुसता कान लावून म्हणतो, "अप्पा, डाव्या अंगाचं बेअरिंग कोरडं हाय, रडायलंय." खोललं तर खरंच कोरडं. हा कान मला चाळिशीत आला, याला बाविसाव्या वर्षी. थोडा हेवा वाटला.

भाद्रपद अमावास्या

शेठकडे गेलो. हैदराबादला इंजिन चालवण्याचं इम्तिहान आहे, त्याला मालकाची चिठ्ठी लागते. भिवा पास झाला तर कुठल्याही जिनिंगमध्ये मिस्त्री म्हणून उभा राहील. चिठ्ठी नसेल तर जन्मभर माझ्या हाताखाली. शेठ सुपारी कातरत म्हणाले, "दसरा होऊ द्या, मग बघू." म्हणजे दसऱ्यापर्यंत यांचं मन सांभाळायचं.

भिवाला सांगितलं. हसला नाही, पण आज दोनदा विचारलं, हैदराबादला गाडी किती वाजता पोचते म्हणून.

आश्विन शु. ५

इंजिनाची घासपूस. भिवा मान वर न करता म्हणाला, "औंदा खंडेनवमीच्या पूजेला आमी आत असणार का?" मागची तिन्ही वर्षं त्या दिवशी त्याला काही काम काढून गावाबाहेर धाडलं होतं. मला वाटत होतं, त्याच्या लक्षात आलेलं नाही.

म्हटलं, "असशील. नारळ तूच फोडायचा."

बोलून गेलो. परत घेता आलं असतं, घेतलं नाही. तो दिवस मावळेपर्यंत पितळी नळ्या घासत होता.

शु. ९, खंडेनवमी

लिहायचा कंटाळा आलाय, तरी लिहितो.

भिवा धुतलेला सदरा घालून आला. नारळ स्वतःच आणलेला. कासमनं झेंडूची माळ चाकावर चढवली. पाने, हातोडे, तेलाची बुधली सगळं पाटावर मांडून झालं. मग शेठ आले, मागून शेठाणीबाई, भटजी. शेठाणीबाईंनी पदर आवरून घेतला. शेठनी माझ्याकडे बघितलं, एवढंच. 

बोललो मीच. "भिवा, कासम, जरा बाहेर थांबा रे."

भिवाचा एक पाय उंबऱ्याच्या आत होता. तो त्यानं मागं घेतला. नारळ माझ्या हातात दिला. मी फोडला. हंगामभर त्याच्या हातानं चालणाऱ्या इंजिनाला आज त्याचा विटाळ होत होता आणि ते मी मान्य केलं. प्रसाद घेऊन बाहेर आलो तर कासम एकटाच उभा.

चिठ्ठीसाठी केलं, असं दुपारपासून स्वतःला सांगतोय.

शु. १०

दरवर्षी सोनं द्यायला पहिला येणारा भिवा आला नाही.

सौ.ला सगळं सांगितलं. वाटलं, म्हणेल की तुमचा इलाज नव्हता. ती भांडी घासता घासता म्हणाली, "आपल्या घरी तरी ओसरीच्या आत कधी घेतलं तुमी त्याला?" मी उठून बाहेर गेलो.

रोज सकाळी तळहातावर इष्टलिंग घेऊन बसतो. लिंगापुढं उच्चनीच नाही, हे लहानपणी स्वामींनी सांगितलेलं. चाळीस वर्षं नुसती मान डोलावली.

आश्विन व. १

शेठनी बोलावून चिठ्ठी दिली. उर्दूतली, सहीशिक्क्याची, भिवाच्या नावाची. वर म्हणाले, "मिस्त्री, त्या दिवशी तुम्ही समजून घेतलंत, बरं वाटलं." कुणाच्या शाबासकीची एवढी शिसारी मला कधी आली नव्हती.

तसाच वस्तीत गेलो. तीन वर्षांत पहिल्यांदा त्याच्या दारात. त्याची आई म्हणाली, "पूर्णेला गेलाय. रेल्वेच्या शेडात कोळसा उपसायलाय." आत जाऊन तिनं मी दिलेला पाना आणला. चिंधीत गुंडाळलेला. गंजू नये म्हणून तेल लावून ठेवला होता पोरानं. शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

व. ६

पूर्णेला जाऊन आलो.

शेडाच्या मागं भेटला. डोळे सोडून सगळा काळा. इंजिनाचा कान असलेला माणूस फावडं मारतोय. चिठ्ठी पुढं केली. हात काळे म्हणून त्यानं घेतली नाही, मला वाचून दाखवायला सांगितली. वाचली. स्वतःचं नाव आलं तिथं पुन्हा वाचायला लावली.

मग म्हणाला, "अप्पा, तुमी शिकवलं ते मी इसरणार न्हाई. पर एक सांगा. पास होऊन आलो, तर पुढल्या नवमीला मला दाराच्या कोणच्या अंगाला उभं करणार? तेवढं सांगा, आत्ता घेतो चिठ्ठी."

खोटं बोलता आलं असतं. शु. ५ ला बोललोच होतो. या वेळी मी चिठ्ठीची घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवली. भोंगा झाला, तो कामाला गेला.

गाडीत बसल्यावर पाच-सहा उत्तरं सुचली. सगळी शेठला काय सांगायचं याची. शेठसमोर गेल्यावर त्यातलं एक तरी तोंडातून…

व. ८

इंजिन आज मीच सुरू केलं. डाव्या अंगाचा आवाज नीट वाटत नाही. नक्की कळत नाही.

शेठ विचारत होते, भिवा जाणार नसेल तर चिठ्ठीवर दुसरं नाव घालू का, त्यांचा भाचा रिकामाच आहे. म्हटलं, चिठ्ठी घरी आहे. सदऱ्याच्या खिशातच होती. अर्जाची मुदत अजून अकरा दिवस.

कासमनं विचारलं, "अप्पा, उने क्या बोल्या?" म्हटलं, तेल आण.

तो बुधली भरून आला आणि दारात उभा राहिला. खंडेनवमीपासून असाच करतो. मी "ये" म्हणेपर्यंत उंबरा ओलांडत नाही.