देणगीदारांची नावं

९ जानेवारी २०२५, खलिफा सिटी, अबुधाबी

सकाळी आशाला फोन. आधी सगळ्यांची विचारपूस, रांगेनं. तुझा गुडघा? — दुखतो, पण चालते. भावोजींची साखर? — गोड सोडवत नाही त्यांना. शेजारच्या काकूंचा मोतीबिंदू? — काढला, आता दुसऱ्यांच्या घरातला केरसुद्धा दिसतो त्यांना! हसलो दोघी. मग विचारलं, आणि पाणंद कशी आहे? तर म्हणाली, शेवटच्या घटका मोजतेय.

आशा माझी धाकटी बहीण. पाणंद वाहिनीवर संध्याकाळच्या बातम्या वाचते. कोकणातल्या आमच्या तालुक्याची वाहिनी — मालक नाही, जाहिरात नाही, लोकांच्या देणगीवर चालते. ग्रामसभा, डबलबारी भजनांचे सामने, माशांचे भाव, कोण वारलं, सगळं दाखवतात. हे गेल्यावर मी इथं मुलाकडे, धनंजयकडे आले. मोबाईलवर पाणंद लावली की माझा दिवस गावात जातो. नात ओवी म्हणते, "आजी, दिस इज सो बोरिंग." असू दे बाई, तुला काय कळायचं.

प्रक्षेपणाचं यंत्र पार मोडकळीला आलंय म्हणे. नवं घेतलं नाही तर उन्हाळ्याआधी बंद.

दिवसभर घास गोड लागला नाही.

१९ जानेवारी, रविवार

घरी संक्रांतीचं हळदीकुंकू. सूनबाई ममतानं हौसेनं सगळ्यांना बोलावलं. अबुधाबीतल्या पंचवीसेक जणी आल्या, दुबईहूनही दोघी. वाणाच्या ताटाशेजारी मी स्टीलचा डबा ठेवला, झाकणाला चीर पाडून. गावात ठेवतो तसा. म्हटलं, आमच्या पाणंदसाठी, मनाला येईल तेवढं घाला. प्रमिलाताई पुण्याच्या, त्यांचा कोकणाशी काय संबंध, पण सगळ्यात आधी त्यांनीच घातले. "आजी, शंभर दिरहॅम म्हणजे तेवीसशे रुपये झाले हं," असं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणून.

शेजारच्या व्हिलाला रंग देणारा तुकाराम आमच्याच तालुक्यातला. त्याला डब्याचं कळलं तसा येऊन घालून गेला. म्हणाला, नाव आयेचा सांगा, ती ऐकात.

पाणंदची पद्धतच आहे. बातम्या संपल्या की देणगीदारांची नावं वाचतात. देऊन नाव वाचलं नाही तर माणसाचा अपमान होतो. मी लगेच आशाला सगळी नावं कळवली. पैसे पुढच्या आठवड्यात गावी जाणाऱ्या कुणाबरोबर पाठवू.

२५ जानेवारी

वाचली! आशानं नावं वाचली. "परदेशातून, धनंजय यांच्या अबुधाबीच्या घरी जमलेली देणगी." मुलाचं नाव गावभर ऐकू गेलं. तो तुकडा मीच हळदीकुंकवाच्या ग्रुपवर टाकला.

२७ जानेवारी

धनंजय ऑफिसातून आला तो बूट न काढताच माझ्यासमोर बसला.

"आई, तू लोकांकडून पैसे गोळा केलेस? माझ्या घरात?"

इथं म्हणे मान्यता असलेल्या संस्थेशिवाय कुणी कशासाठीही वर्गणी गोळा करायची नाही. गुन्हा आहे. प्रमिलाताईंचे यजमान ह्याच्याच कंपनीत. त्यांनी बाजूला घेऊन सांगितलं, क्लिप फिरतेय, एचआरपर्यंत गेली तर तुझं काही खरं नाही. ममता रडत म्हणाली, आई, नोकरी गेली की व्हिसा गेला, ओवीची शाळा गेली, घर गेलं.

मला कुणी सांगितलं होतं? पंचवीस जणी होत्या, एकीनं तरी म्हणायचं! इथं वर्षानुवर्षं राहणाऱ्या त्या, मी तर काल आलेली.

२८ जानेवारी

डबा उघडून ज्याचे त्याला परत. प्रमिलाताईंनी नोट दारातच घेतली. म्हणाल्या, "आजी, आम्हाला वाटलं तुम्ही परवानगी काढली असेल." आत या म्हणाल्या नाहीत. माझे तिळाचे लाडू मागून बांधून नेणाऱ्या ह्याच. बाकीच्या ग्रुपमधून एकेक निघून गेल्या.

२९ जानेवारी

धनंजयनं निवेदन लिहिलंय. पाणंदनं ते वाचायचं, म्हणजे कंपनीनं विचारलं तर त्याच्याकडे दाखवायला काहीतरी राहील. "परदेशातून आम्हाला एक रुपयाही मिळालेला नाही. आमच्या नावाने कुणी पैसे गोळा करत असल्यास वाहिनीचा त्याच्याशी संबंध नाही."

पहिलं वाक्य खरंच आहे, पैसे गेलेच नव्हते. दुसऱ्यानं माझं तोंड काळं होतं. पोटच्या पोरानं लिहिलं, आणि तेही माझ्याकडून शुद्धलेखन तपासून घेऊन. त्याला शिव्या द्याव्यात तर त्याचा चेहरा बघवत नाही. जेवत नाही, झोपत नाही.

आशाला मीच फोन केला. निवेदन तिनं दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "ताई, माझ्या तोंडान तुका चोर म्हणू?"

म्हटलं, म्हण. माझा पोरगा आहे गं.

३१ जानेवारी

वाचलं तिनं. एका शब्दाला अडखळली नाही. मान वर करून कॅमेऱ्याकडे मात्र पाहिलं नाही.

२ फेब्रुवारी

तुकाराम कुंपणापलीकडून म्हणाला, "काकी, आयेचो फोन इलो. ती म्हणता, त्या बायेन तुका फसवल्यान." त्याचे पैसे मी मागंच परत दिलेत, हे त्याला ठाऊक आहे. तरी आईला ते पटवून सांग म्हटलं, तर म्हणाला, मी काय सांगू, टीव्हीवर सांगितलंय ना.

गावातल्या चुलतजावेनं मेसेज केला, "वहिनी, ह्या वयात हे शोभतं का?" मेसेज पुसून टाकला. खरं सांगितलं तर धनंजय अडकतो.

९ फेब्रुवारी

धनंजय आज पोटभर जेवला. विषय खलास, म्हणाला. कुणी काही विचारलं नाही, विचारणारही नाही. ओवीला घेऊन सगळे बागेत गेले. मला चल म्हणाले. गुडघ्याचं निमित्त केलं.

आशा फोन घेत नाही.

१६ फेब्रुवारी

पाणंद आज बंद झाली. यंत्र अजून चालू होतं. पण त्या निवेदनानंतर आशा नावं वाचायला लागली की लोक विचारायचे, त्या परदेशातल्यांची वाचलीत, पैसे आलेच नाहीत, मग ही तरी खरी कशावरून? देणारे थांबले. भावोजींनी कळवलं, तिनं नाही.

तिला लिहिलं: आशा, रागाव, भांड, काय ते बोल. पण एक ओळ लिही. आजच लिही.