मास्कमागचे हुगो ट्राउटवाइन

३ नोव्हेंबर १९२७, गुरुवार
नव्या नाटकात मुख्य भूमिका माझी. अपेक्षितच होतं. आल्टेनरोडाच्या थिएटरशी माझं जे काँट्रॅक्ट आहे त्यावर ‘प्रथम नायक’ असं छापलेलं आहे. वय छापलेलं नाही.

नाटक आधुनिक आहे, म्हणजे समजत नाही. एक सैनिक युद्धावरून घरी येतो, तर त्याच्या घरात त्याच्याच नावाने दुसराच कोणीतरी राहतोय. बायको दार उघडते आणि म्हणते, आमच्याकडे आहे एक. बस. बर्लिनला म्हणे लोक यावर रडतात. आमच्या गावात तलवार आणि प्रेमप्रकरण नसेल तर कुणी तिकीट काढत नाही. बघू. मी आहे ना.

संकल्प: बिअर बंद. रोज सकाळी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या.

५ नोव्हेंबर
ओटिलीला म्हटलं, प्रीमियरला ये. ती बटाटे सोलत होती, सोलतच राहिली. युद्धापासून ती माझ्या एकाही नाटकाला आलेली नाही. म्हणते, तू तिथे मरतोस आणि मग उठून वाकून नमस्कार करतोस, मला नाही बघवत ते.

तिचा धाकटा भाऊ विली युद्धात फ्लँडर्सच्या आघाडीवर बेपत्ता झाला. मृतदेह नाही, ओळखीचा बिल्ला नाही. सासूबाई अजून दाराला आतून कडी लावत नाहीत. यावर नवऱ्याने काय बोलायचं? पण एकदा तरी तिने ‘छान केलंस’ म्हणावं. बाकी गावाचं कौतुक मला नको. म्हणजे हवं आहे, पण आधी तिचं.

गुळण्या उद्यापासून. मीठ संपलंय.

९ नोव्हेंबर
बर्लिनहून डायरेक्टर क्लामरोट आले. गळ्यात मफलर, तोंडात सिगरेट, वय माझ्या निम्मं. मी माझा प्रवेश करून दाखवला. दारात डळमळणं, चौकट धरणं, एक हुंदका, आणि मग ‘मी आलोय’ हे वाक्य तीन वेगवेगळ्या पट्ट्यांत. ते म्हणाले, फार सुंदर, आता यातलं काहीही करू नका.

मग हातात गॅसमास्क दिला. सगळे सैनिक सुरुवातीपासून शेवटपर्यंत मास्क घालणार. मी विचारलं, अहो, मग लोकांना माझा चेहरा कसा दिसणार? तर म्हणाले, ट्राउटवाइन, चेहरा तुमच्याजवळच असू द्या, मला फक्त तुमची उंची हवी आहे.

मत्सर, दुसरं काय.

१४ नोव्हेंबर
मास्कला रबराचा घाण वास. काचेवर वाफ धरते. दार शोधता शोधता स्टेजच्या कडेला, खाली बसणाऱ्या प्रॉम्प्टरबाईंच्या खोक्यात पाय गेला. त्या म्हणाल्या, ते माझं डोकं होतं. इतकं मनाला लावून घेण्यासारखं काही नव्हतं.

क्लामरोटना म्हटलं, मला मास्क शिकवू नका, मी युद्ध बघितलंय. मी एरफुर्टच्या गोदामात ओव्हरकोट वाटत होतो हे त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे. तेही युद्धच होतं. कोट कमी पडायचे.

युक्ती सापडली: खांद्यांनी रडायचं.

२० नोव्हेंबर, मृतांचा रविवार
ओटिली आणि सासूबाईंबरोबर स्मशानात. विलीचं नुसतं नाव, विल्हेल्म फुक्स, सगळ्यांच्या नावांबरोबर एकाच दगडावर. वाऱ्याने मेणबत्ती टिकेना. सासूबाई म्हणाल्या, हे दुसऱ्याही कुणाचं असेल, विल्हेल्म फुक्स काय जगात एकच आहे? ओटिली म्हणाली, आई, चल आता, पाय गारठतील. मला फार वाईट वाटलं. ही माणसं थकून गेली आहेत आणि थांबायचं कुठे ते त्यांना कुणी सांगत नाही.

परतताना ओटिलीने आपणहून विचारलं, तुझ्या नाटकात तो सैनिक परत येतो ना? हो म्हटलं. मग येईन, म्हणाली.

घरी जाऊन बिअर घेतली. आनंदाची बिअर संकल्पात धरत नाहीत.

२५ नोव्हेंबर
शेवटची रिहर्सल. खांद्यांनी रडलो. क्लामरोट अंधारातून ओरडले, सैनिकाला खाज सुटलीय का? सगळे हसले. अग्निशामक दलाचा बुडिखसुद्धा. कायद्याप्रमाणे हा माणूस प्रत्येक प्रयोगाला विंगेत स्टुलावर बसून असतो. त्याने आगीकडे बघावं, माझ्याकडे का?

निर्णय झाला. उद्या मी आजारी. नायकच नाही म्हटल्यावर पडदा उघडणार कसा? क्लामरोट फुलं घेऊन येतील, माफी मागतील. मग मी माझ्या पद्धतीने करीन, आणि ओटिली ते बघेल. तिला आधी काही सांगत नाही. तिला खोटं बोलता येत नाही.

२६ नोव्हेंबर, शनिवार
थिएटरला चिठ्ठी धाडली: ताप चाळीस डिग्री. जरा जास्तच झाला, पण एकदा लिहिलं ते लिहिलं. खोटी दाढी लावून वरच्या गॅलरीत जाऊन बसलो, फजिती बघायला.

पडदा उघडला.

दारासमोर सैनिक उभा. माझा कोट, माझी उंची. काही म्हणजे काही करत नव्हता. ‘मी आलोय’ इतकं हळू म्हणाला की अख्खं थिएटर पुढे वाकलं. मीही वाकलो. विंगेतलं स्टूल रिकामं दिसलं, तेव्हा कळलं. बुडिख! आणि आग लागली असती म्हणजे? नगरपालिकेला पत्र लिहिलं पाहिजे.

टाळ्या थांबेनात. मीही वाजवल्या. न वाजवणारा लगेच नजरेत भरतो.

घरी आलो तर ओटिली स्वयंपाकघरात, कोट अंगावरच. म्हणाली, हुगो, इकडे ये. आज तू दिसलाच नाहीस. तिथे आमचा विली उभा होता रे. उशीर झाला की आई रागावेल म्हणून असाच दाराबाहेर उभा राहायचा, वेडा. आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. विलीची तार आली तेव्हाही ती रडली नव्हती. छान केलंस, म्हणाली.

मी सांगणार होतो. तोंडही उघडलं. मग म्हटलं, भूमिकाच तशी आहे.

२७ नोव्हेंबर
बुडिखला गाठलं. विचारलं, काय केलंस तू नक्की? म्हणाला, साहेब, काही नाही हो. क्लामरोटसाहेबांनी धरून उभं केलं, कोट मापात बसला म्हणून. काचेवर वाफ, समोरचं दिसेना, हललो तर पडेन म्हणून हललो नाही. बायकोची शपथ, पुन्हा नाही करणार.

तंत्र शून्य. मंगळवारी मी उभा राहणार.

२९ नोव्हेंबर, मंगळवार
काहीही केलं नाही. काहीही न करणं मी इतकं उत्तम केलं की मध्येच एकदा माझं मलाच कौतुक वाटलं.

ओटिली सासूबाईंना घेऊन आली होती. घरी परतताना वाटेत सासूबाई खुशीत. म्हणाल्या, हुगोला तर मी लांबूनच ओळखलं, मास्क असला म्हणून काय झालं! मी ओटिलीकडे बघितलं. ती रस्त्याकडे बघत होती.

घरी तिने सूप गरम करून दिलं. म्हणाली, दमला असशील आज. रविवारी मी परत येते, एकटीच. शनिवारसारखं होईल ना रे?

होईल म्हटलं.

१ डिसेंबर
बुडिखला बिअर पाजली. त्याने एक घेतली, मी दोन. आधी नको नकोच म्हणत होता. कसाबसा तयार केला.

रविवारी मला ताप येणार आहे.