कोशातला किडा आणि शंभरावा फॉर्म

७ जानेवारी १९७४, सोमवार

डायरीचा आज खरा श्रीगणेशा. पहिले सहा दिवस थंडीत गेले.

ऑफिसात मनोहररावांनी, म्हणजे आमच्या हेडनी, सगळ्यांना बोलावून माझ्याकडे बघत सांगितलं: जागेश्वर, तुमची पोस्ट टेम्पररी, फेब्रुवारीअखेर संपते. एक काम नीट करा, परमनंटसाठी शिफारस करतो. काम असं की आपल्या महाल वस्तीत घरोघरी जाऊन शंभर जणांचे फॉर्म भरून आणायचे. प्रश्न एकच. देशात प्रोटीनचा तुटवडा आहे, तर आपण किडे खाल काय? आणि पंचवीस तारखेला दिल्लीचे साहेब येतील, त्यांच्यासमोर किड्याचा पदार्थ खाऊन दाखवायचा.

बाकीचे सगळे आपापल्या चपला बघत होते. मी हात वर केला. विज्ञानाला पुढे येणारा माणूस लागतो.

घरी बायकोला, प्रेमिलाला, सांगितलं. ती म्हणाली, आधी हातपाय धुऊन घरात या. (अजून मी कशाला हातही लावला नव्हता.)

८ जानेवारी, मंगळवार

चौदा घरं, तेरा नकार. चौदाव्या घरी कुत्रं अंगावर सोडलं. तोही नकारच धरावा का, विचारायचं.

पानठेल्यावरच्या नत्थूजींनी उलट मलाच विचारलं, "तुम्ही खाल्ला काय गा, भाऊ?" मी सांगितलं, सर्वेक्षण करणाऱ्याने तटस्थ राहायचं असतं. ते म्हणाले, "मंग मले बी तटस्थ लिहा." फॉर्मात तटस्थचा कॉलमच नाही. हा दोष फॉर्मचा आहे, माझा नाही.

संकल्प: उद्या सकाळी दात घासून झाले की स्वतः एक किडा खायचा.

९ जानेवारी, बुधवार

किडा उपलब्ध नाही. संकल्प कायम.

प्रेमिला रेशनची ज्वारी निवडत होती, सोंडे वेचून अंगणात टाकत होती. तिला समजावलं की हे चक्क प्रोटीन फेकणं आहे. ती म्हणाली, "मंग तुमच्या भाकरीचं न निवडताच दळून आणू काय?" मी विषय बदलला.

जेवताना वरणात एक सोंडा निघाला. पानावरून उठलो. प्रेमिला पदर तोंडाला लावून हसली. तिला फरक कळत नाही. तो किडा अनधिकृत होता.

११ जानेवारी, शुक्रवार

संकष्टी. उपासाला किडा चालतो की नाही, याबद्दल सर्क्युलरमध्ये अवाक्षर नाही. धोका नको.

१२ जानेवारी, शनिवार

प्रेमिलाने पत्र टाकलं होतं म्हणून गोदूबाई, आमच्या सासूबाई, आल्या. त्यांचं माहेर कोसा विणणाऱ्यांचं. कोसे उकळून रेशमाचा धागा काढला की आत किडा उरतो. असे भाजलेले किडे पत्र्याचा डबाभर आणले. "मीठ लावून खा, फुटान्यावानी लागते," असं सांगता सांगता त्यांनी स्वतःच चार संपवले.

मी शास्त्रीय अंतर ठेवून निरीक्षण केलं, म्हणजे बाहेरच्या ओट्यावरून. रंग तपकिरी. आकार अंगठ्याएवढा, अपेक्षेपेक्षा बराच मोठा. तोंड कोणत्या बाजूला ते कळत नाही, त्यामुळे सगळीकडूनच बघतो आहे असं वाटतं.

"घ्या, जवाईबापू," म्हणाल्या. दाढ दुखते म्हणून सांगितलं. सांगितल्यावर खरंच दुखायला लागली.

१३ जानेवारी, रविवार

दाढ.

१५ जानेवारी, मंगळवार

काल संक्रांत. सणाच्या दिवशी किडा नको.

आजपर्यंत नकार शहात्तर, होकार शून्य. मनोहरराव म्हणाले, अशाने मी शिफारस काय कपाळ करू? घाबरलो. तीन वर्षं झाली टेम्पररीला. प्रेमिलाचा भाऊ भेटला की पहिला प्रश्न हाच, "झाले काय परमनंट?" आता खरंच लाज वाटते.

१६ जानेवारी, बुधवार

आमच्याकडे हळदीकुंकू, म्हणून मला घराबाहेर काढलं. जाताना फॉर्मचा गठ्ठा प्रेमिलाजवळ ठेवला. आशा नव्हतीच. संध्याकाळपर्यंत नत्थूजींच्या ठेल्यावर बसून होतो.

परत आलो तर तेवीस फॉर्म भरलेले आणि तेवीसही होकार! शेजारच्या वच्छलाबाईंनी तर खाली स्वतःच्या हाताने लिहिलं, 'पुन्हा बलवा'. फॉर्मची प्रस्तावना मी परवाच नव्याने लिहिली होती. तिचाच हा परिणाम. भाषेत ताकद असते.

आनंदाच्या भरात ताटात उरलेले तिळाचे लाडू खाल्ले. पाच. फार खमंग. सासूबाई समोर बसून कौतुकाने बघत होत्या. जावयाचा उत्कर्ष कोणाला नको असतो?

१७ जानेवारी, गुरुवार

मनोहररावांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. शिफारसपत्र टाइपिंगला गेलं. आता फक्त खाऊन दाखवायचं. ती निव्वळ औपचारिकता आहे.

२१ जानेवारी, सोमवार

सराव. डोळे मिटून शेंगदाणे न चावता गिळतो. दहापैकी नऊ गेले. दहाव्याला प्रेमिलाने पाठीत धपाटे घातले.

२४ जानेवारी, गुरुवार

भाषण तयार. विषय: 'पूर्वग्रहांवर विजय'.

पदार्थ सासूबाई करून आणणार. काय करू म्हणून विचारत होत्या. मी म्हटलं, किडा ओळखू येणार नाही असं काहीही करा. "मंग तेच करते," म्हणाल्या. काय ते विचारलं नाही. कळून झोप उडाली असती.

२५ जानेवारी, शुक्रवार

भाषण वीस मिनिटं. साहेबांनी टिपणं घेतली. मग सासूबाईंनी डबा उघडला, तर आत तिळाचे लाडू! जीव भांड्यात पडला. म्हटलं, आधी तोंड गोड होऊ दे. दोन लाडू खाल्ले. साहेबांना आग्रह केला, त्यांनी तीन खाल्ले. मग मी ऐटीत म्हणालो, सासूबाई, आता तो किडा काढा.

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "काहाचा किडा काढू? लाडवात कुटून टाकला ना! तुम्ही खाऊन राहिले तोच. हळदीकुंकवाले बी पाच खाल्ले. बायायले तं सांगूनच देल्ले होते. मले वाटलं, तुम्हाले बी माहीत असन."

पुढचं लिहीत नाही. एवढंच नोंदवतो की खिडकी जवळ होती, आणि साहेबांची गाडी खिडकीखाली.

२८ जानेवारी, सोमवार

साहेब रागावले नाहीत. उरलेले लाडू दिल्लीला घेऊन गेले. जाताना विचारलं म्हणे, ही बाई कोण? प्रात्यक्षिकासाठी गोदूबाईंची नेमणूक झाली. गावोगाव फिरायचं, आधी कन्हान, मग मौदा. सोबत डबा धरायला मी, फेब्रुवारीअखेरपर्यंत. माझ्या शिफारसपत्रात मनोहररावांनी फक्त नाव बदललं, बाकी मजकूर तोच.

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

नव्व्याण्णव फॉर्म झाले होते. शंभरावा प्रेमिलाने मला न दाखवता भरून फाइलला लावला होता. आज मनोहररावांनी तो सगळ्या ऑफिससमोर वाचला. नाव: जागेश्वर. किडे खाल काय? सांगून दिले तर नाही. न सांगता दिले तर सात.