डावी कूस

१२ ऑक्टोबर
पोचलो एकदाचा ऑस्ट्रेलियात, डार्विनला! आमच्या गावचे गुरुदत्तदादा स्वतः गाडी घेऊन आले. त्यांच्या हॉटेलच्या मागे मला स्वतंत्र खोली: पंखा, फ्रिज, खिडकीबाहेर आंबा. जन्मात पहिल्यांदा एकट्याची खोली! दादा म्हणाले, आठवी नापास इथे कोण विचारतंय, कांदा बारीक चिरता आला की झालं.

३ नोव्हेंबर
उकाडा अंगाला चिकटतो. सकाळी लघवी लालभडक. जळजळ मात्र नाही. दादांना सांगितलं तर हसून हसून लोळले. काल बर्गर हाणलास ना लेका, इथे त्यात बीट घालतात. खरंच की!

१९ नोव्हेंबर
बीटाला हात लावला नाही, तरी पुन्हा लाल. आईला फोनवर अर्धंच सांगितलं. म्हणाली उन्हाळी लागली असेल, धने-जिरे भिजवून पाणी पी. प्यालो. थांबलं.
फोन ठेवल्यावर खोली फार मोठी वाटली.

६ डिसेंबर
दुपारी काम उरकून आडवा होतो, तेव्हा डाव्या अंगाला कुणीतरी टेकून झोपतं. बरगडीखाली कोपर खुपसून. डोळे उघडले की कुणी नाही, नुसती घामाने भिजलेली चादर. श्यामलावहिनींना विचारलं, या खोलीत आधी कोण राहायचं? म्हणाल्या, कुणी नाही रे, तांदळाची पोती असायची.

१८ डिसेंबर
पँट दोरीने बांधली. दादा चिडवतात, कुणाच्या प्रेमात वाळतोयस? लाल येतं, जातं. वहिनींना सांगावंसं वाटतं, पण बाईमाणसाला लघवीचं कसं सांगू. आणि आजारी म्हणून परत पाठवलं तर?

२ जानेवारी
खोली नकोच. दुपारी दादांच्या गाडीत झोपलो.
तिथेही आला. डावीकडेच.
म्हणजे तो खोलीत नव्हता —

३ जानेवारी
हाताला लागला. कडक. मुठीएवढा. मी श्वास घेतला की तोही हलतो.
आज रक्ताच्या गुठळ्या. वहिनींना सांगितलं. रागावल्या नाहीत. गाडीची किल्ली घेतली नुसती.

५ जानेवारी
हॉस्पिटल. किडनीत गाठ. कॅन्सर. मी चोवीस वर्षांचा. डॉक्टरीणबाई म्हणाली, या वयात क्वचित, पण होतो. वहिनींनी मराठीत सांगितलं आणि तोंड फिरवलं.
मी विचारलं, कधीपासून? बरेच महिने असेल म्हणे.
म्हणजे विमानातसुद्धा. पहिल्या दिवशीसुद्धा, त्या खोलीत — आम्ही दोघं —

९ जानेवारी
उद्या किडनीसकट काढणार. पसरलाय का, ते उघडल्यावर —
आईला फोन लावलाय. स्पीकरवर. रिंग जातेय. काय सांगू. खोली छान आहे, एकट्याची —
उचलला. विचारतेय, जेवलास का. आई, ऐक ना, मी