डावा स्पीकर

८ जानेवारी, गुरुवार

अ‍ॅम्प्लिफायर चालू आहे. दुजोरा फारूखने दिला. त्याने आपला मोबाइल वायरने जोडला, एक कव्वाली लावली आणि दोन्ही स्पीकर बोलले. मी तेव्हा चहा टाकत होतो. स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आलं. म्हणजे दोष सगळा नव्या टीव्हीचा.

बोलतो तोही, पण पातळ. त्याचे स्पीकर पाठीमागे, भिंतीकडे तोंड करून. सुदर्शनने पुण्याहून पाठवला तेव्हा फोनवर चित्राचंच कौतुक करत होता. पोराचा जीव आहे आईवर, पण चित्राचा तिला काय उपयोग? काचबिंदूने करुणाला आता उजेड आणि सावल्या एवढंच उरलंय. तिची मालिका कानांवर चालते. जुन्या टीव्हीवर ती आवाजावरून माणसं ओळखायची — ही थोरली, ही धाकटी, हा पिऊन आलाय. नव्यावर पहिल्याच संध्याकाळी म्हणाली, "सगळे एकाच तोंडानं बोलायलेत." आणि उठून आत गेली. त्यानंतर तिने टीव्ही लावा म्हटलेलं नाही.

म्हणून हा खटाटोप. तिला तिची माणसं परत ओळखू आली पाहिजेत. बस्स!

अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर सर्जेरावांचे, करुणाच्या भावाचे. वैजापूरहून कांद्याच्या गोणीत गुंडाळून आले. तापले की खोलीभर कांद्याचा वास.

९ जानेवारी

टीव्हीच्या पाठीला लाल-पांढरी भोकं नाहीत. अ‍ॅम्प्लिफायरला तेवढीच आहेत. टीव्हीला एक चौकोनी भोक आहे, आत लाल उजेड. आवाज तिथून प्रकाश होऊन बाहेर पडतो म्हणे! त्या प्रकाशाचा पुन्हा आवाज करणारा छोटा डबा मधे लावावा लागतो. पैठण गेटच्या बाजारात मिळतो.

मी निघालो तर फारूखने अडवलं. "तुम नक्को आओ, इंदरभाई. तुम दुकानदार का इंटरव्ह्यू लेने बैठते." खरं आहे. एका वर्तमानपत्रात आम्ही सोबत म्हातारे झालो. तो फोटो काढून मोकळा व्हायचा, मी डेस्कवर प्रश्न काढत बसायचो.

१० जानेवारी

डबा आला. उलटा निघाला! वायरीतल्या आवाजाचा प्रकाश करणारा. आम्हाला नेमकं त्याविरुद्ध हवं. हे ध्यानात येईपर्यंत दुपार गेली.

करुणा आतून, "झालं का? का अजून बैठकच चालूय?"

"भाभी, डब्बा तो सही है, मुँह फेर के बैठा है."

ती हसली. बऱ्याच दिवसांनी.

११ जानेवारी, रविवार

खालच्या मजल्यावरच्या लीलाबाई आल्या. "लावा की ओ टीव्ही. चित्र मी सांगते, आवाज तिचा ती ऐकंल." लावला. लीलाबाईंनी सुरुवात केली — ती रडायलीय. आता तो आलाय. आता ती परत रडायलीय.

"अहो लीलाबाई, रडायलीय ते कळायलंय मला. कोण रडायलीय?"

"थांबा, तोंडावरचा पदर काढू द्या तिला!"

मौज झाली, पण मालिका काही करुणापर्यंत पोचली नाही. दहा मिनिटांत तिनेच बंद करायला लावली.

रात्री जेवताना म्हणाली, मीठ मागितलं तर दिलं नाही. मी म्हटलं, तू मागितलंच नाहीस. तिने चाचपत स्वतःच मीठ घेतलं. हल्ली कमीच बोलते. डोळ्यांचं मनाला लागलं असणार. विचारायला हवं एकदा.

१२ जानेवारी

आला! आवाज आला!

फारूखने डबा बदलून आणला. जोडला तर आधी नुसती खरखर. तो म्हणाला डबा खराब, मी म्हटलं आधी सेटिंग बघू. टीव्ही आवाज सिनेमा थिएटरसाठी गुंडाळून पाठवत होता; स्वस्तातल्या डब्याला तो उलगडता येत नव्हता. यादीत पीसीएम असं होतं, म्हणजे साधा, दोन स्पीकरांपुरता आवाज. ते निवडलं. खोली भरून गेली. कांद्याचा वासही आला!

करुणाला हाताला धरून आणलं. सोफ्यावर तिच्या नेहमीच्या जागी बसली, माझ्या डाव्या हाताला. मान थोडी खाली. मग म्हणाली, "ही थोरली." थोड्या वेळाने, "अगं बाई, धाकटीला सर्दी झालीय!"

फारूखने चष्मा पुसला. मी पंखा बंद करायला उठलो.

पण काम पुरं झालेलं नाही. डावा स्पीकर गप्प आहे. सगळा आवाज उजवीकडून. करुणा बसते नेमकी तीच बाजू मुकी! फारूख म्हणतो, "दोनों चालू है, भाई." करुणाही म्हणते, दोन्ही. फारूखला घरी जायची घाई, आणि करुणाला मिळालं तेवढ्यात समाधान मानायची सवय. मला अर्धं काम सोडता येत नाही.

१३ जानेवारी

अ‍ॅम्प्लिफायरच्या लाल-पांढऱ्या वायरी उलटसुलट केल्या. डावाच गप्प. उजवीकडचा स्पीकर उचलून डावीकडे ठेवला. तरी डावाच! स्पीकरची वायर बदलली. डावाच.

एकटा लावला तर बोलतो, दबक्या आवाजात. जोडीने लावला की मिटून बसतो.

करुणा म्हणाली, "राहू द्या ना आता. मला येतंय ऐकू." म्हटलं, तुझ्यासाठीच चाललंय. यावर ती म्हणाली, "व्हय, माझ्यासाठी." कशी म्हणाली ते नीट कळलं नाही.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ घेऊन लीलाबाई. त्यांनाही ऐकवलं. "दोन्हीबी बोलायलेत की! सणाच्या दिवशी काय वायरी घेऊन बसलात?"

१५ जानेवारी

फारूखचा फोन. मी नेहमीसारखा स्पीकरवर टाकला. तो चिडला — "हर बार पूरे घर को क्यूं सुनाते मेरी बात? कान को लगाओ ना!" मग डाव्या स्पीकरचं सांगितलं. "वहम है तुमको. सो जाओ."

वहम! डेस्कवर नव्या पोरांना मीच सांगायचो, दोघांनी वेगवेगळा दुजोरा दिला की बातमी छापायला सोडा. मान्य. पण इथे मी स्वतः घटनास्थळी आहे. स्वतःच्या कानांनी ऐकतो आहे!

उद्या टीव्हीचं स्टँड ओढून मागून बघणार. एखादी पिन ढिली असेल.

१६ जानेवारी

स्टँड ओढलं. मागे जाऊन खोलीकडे तोंड करून उभा राहिलो. मालिका चालूच होती. डावा स्पीकर आता माझ्या उजव्या हाताला — आणि खणखणीत बोलत होता. दुसरा गप्प झाला होता. आता माझ्या डाव्या हाताला आलेला.

उजव्या कानात बोट घातलं. घर बंद झालं. बोट काढलं, घर चालू.

सगळी नोकरी डाव्या कानाला फोन दाबून तालुक्याच्या बातम्या उतरवून घेतल्या. केव्हा गेला, कळलं नाही. तीन दुजोरे होते; बातमी मीच अडवून धरली.

करुणाला सांगितलं. ती हाताने चाचपत आली, माझा डावा कान धरला. म्हणाली, "मी याच बाजूला बसते ओ. मला वाटलं, दिसत नाय म्हणून तुम्ही माझ्याशी बोलायला कंटाळलात."

आज जेवायला ती उजवीकडे बसली. सारखी बोलत होती.

सोमवारी उस्मानपुऱ्यात कान-नाक-घशाचे डॉक्टर. ती सोबत येणार आहे. पायऱ्या मी सांगायच्या. नाव पुकारलं की तिने.