फायनलची शिट्टी मीच वाजवणार

मी, योगराज धुडकू पाटील, वय चोवीस, शाळा सातवीपर्यंत, धंदा उधन्याच्या कारखान्यात लूम चालवणे, मूळ गाव अमळनेर तालुक्यात, राहणार डिंडोली, सुरत. आज माझं डोकं ठिकाणावर आहे. भुवईवर टाके आहेत, पण ते बाहेरून. कुणाच्या दबावाखाली लिहीत नाही. उलट ज्याने दबाव टाकला त्याच्यामुळेच लिहायला बसलो.

रविवारी कामगारांच्या फुटबॉलची फायनल आहे, उधना लूम विरुद्ध सचिन डाइंग, आणि रेफरी मी आहे. सेमीफायनलला मी उधन्याविरुद्ध पेनल्टी दिली. माझ्याच कारखान्याची टीम. सगळे अंगावर आले, बाहेरून "रेफरी चोर छे" सुरू झालं, आणि एक बूट येऊन भुवईवर लागला. सामना शेवटी उधनाच जिंकलं, तरी हे! उधन्याचा कप्तान चेतन, माझा गाववाला आणि खोलीतला जोडीदार, सगळ्यांदेखत म्हणाला, "फायनलला उभा राहिलास तर गावाला तुझी तिरडी जाईल."

मग लिहूनच ठेवतो.

१. गावच्या घरातला माझा हिस्सा माय शोभाबाईला. काकांनी तिथे कडबा ठेवू नये. दिवाळीत ठेवला होता, मी विसरलेलो नाही.

२. सायकल आणि मोबाइल बहीण वर्षाला. मोबाइलमधले रेफरींचे व्हिडिओ पुसू नयेत.

३. धागा कापायची कातर माझ्या लूमवर येईल त्याला. मुकादमाने खिशात घालू नये.

४. शिट्टी आणि दोन्ही कार्डं चेतनला. अट एकच, आधी एक सामना त्याने स्वतः खेळवावा.

५. लाइनचा झेंडा तेजस्विनी मॅडमना परत. त्या आमच्याच मैदानावर सकाळी रग्बी शिकवतात. माणूस कमी पडला म्हणून एकदा मला लाइनवर उभं केलं. तिथे पोरं एकमेकांना अशी आपटतात की बघणाऱ्याचे दात दुखतात. एक धिप्पाड गडी, नाकातून रक्त, सरळ माझ्याकडे आला. मी मागे सरलो. तो म्हणाला, "सर, बॉल बाहेर होता का?" लूमवाल्याला सर! मी "हो" म्हणालो, तो गेला. तिथे रेफरीशी वाद घातला तर टीमला दहा मीटर मागे जावं लागतं. काही विचारायचं तर कप्तान विचारतो. आमच्याकडे वारा लागला तरी पडतात आणि उठून रेफरीची आई काढतात. मी मॅडमना विचारलं, रग्बीची पोरं जास्त शहाणी का? म्हणाल्या, "नाही रे. जो पहिल्या दिवशी बोलला, त्याला त्याच दिवशी मागे पाठवलं. तुम्ही ऐकून घेत आलात."

६. म्हणून रविवारचं. फायनलची शिट्टी मीच वाजवणार. माझ्याशी फक्त कप्तान बोलेल, हात मागे ठेवून. दुसरा आला तर पिवळं कार्ड, परत आला तर लाल. सगळे आले तर सगळ्यांना. मला काही झालं तर सामना रद्द, कप कुणालाच देऊ नये. माझ्या नावाने स्पर्धा भरवू नये. रेफरीला पाणी तेवढं द्यावं.

इथवर लिहिलं तेव्हा चेतन खोलीवर आला. कागद वाचला.

"येडा व्हयना का रे तू? रागात बोललो भो."

"कप्तान म्हणून बोलतोस का जोडीदार म्हणून?"

त्याने कागद खाली ठेवला. "कप्तान म्हणून."

"मग हात मागे घे."

घेतले. म्हणाला, "माझा एकही माणूस तुझ्यापर्यंत येणार नाही. पण ती पेनल्टी चुकीची होती."

"ते मी ठरवणार."

"मग मी कुठे नाही म्हणतो?"

ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, असं मॅडमनी सांगितलंय. म्हणून त्याला विचारलं, शिट्टी घेतोस की सही करतोस?

"शिट्टी नको बाबा. बूट खायची माझी तयारी नाही."

म्हणून कलम चार बदललं. शिट्टी आणि कार्डं वर्षाला. ती चेतनला पुरून उरेल.

सचिन डाइंगचा कप्तान दीपक यालाही बोलावून घेतलं. त्या दोघांसमोर मी सही केली. चेतन पेन घेऊन म्हणाला, "कुठे करू, सर?"

थट्टेत म्हणाला. तरी नोंद असावी.

लिहून देणार: योगराज धुडकू पाटील

योगराजने आमच्या डोळ्यांदेखत सही केली, मग आम्ही केली:
१. चेतन, कप्तान, उधना लूम
२. दीपक, कप्तान, सचिन डाइंग

डिंडोली, सुरत
शनिवार, १८ जानेवारी २०२५