भिंगरीची बुरशी, माझी मिशी

४ मार्च
बुरशी! आमच्या भिंगरीच्या फुप्फुसात! नऊ वर्षांची पोर. मी बेकरीवाला — पावाला बुरशी आली की फेकायचा, एवढंच ठाऊक. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रक्ताच्या आजारावरच्या औषधांनी तिची ताकद कमी झालीय, म्हणून हवेतली बुरशी आत शिरली. गंभीर आहे, पण औषध आहे." मी चाचरत विचारलं, "माझ्या बेकरीमुळे?" "नाही हो. ती सगळीकडेच असते." सगळीकडे! यात धीर कुठला घ्यायचा?

५ मार्च
बायको दवाखान्यात, भिंगरीजवळ. घराचा ताबा मेहुणीकडे. कुंड्या बाहेर, गालिचा बाहेर. मोरीची भिंत इतकी घासली की रंगच निघाला. मग नजर माझ्यावर! "त्या मिशीत पीठ अडकतं. आणखी काय काय अडकत असेल!" मी साफ नाही म्हटलं.

६ मार्च
मिशी काढली. बावीस वर्षांची होती.

७ मार्च
मास्क लावून खोलीत गेलो. "दाखव ना!" भिंगरीचा हट्ट. दाराबाहेर जाऊन काचेतून मास्क खाली केला. पोरगी हसली, हसता हसता खोकली, मशीन बोंबललं, दोन नर्स धावत आल्या. "काय केलंत?" "मिशी काढली," म्हटलं. बायको संध्याकाळपर्यंत बोलली नाही.

१० मार्च
ताप एकशे तीन. उतरत नाही. लिहवत नाही.

१३ मार्च
औषध बदललं. दुपारी भिंगरी म्हणाली, "बाबा, डॉक्टर हिरव्या दिसतायत." नर्सकडे धावलो. "त्या औषधाने होतं असं, जाईल आपोआप." परत येतो तो मेहुणी विचारतेय, "आणि मावशी कशी दिसते गं?" "जांभळी." बाई खूश! लगेच पर्समधून आरसा काढला.

१९ मार्च
चार दिवस ताप नाही. पण पोर गप्प. मी गोष्टी सांगतो, ती मान डोलावते. मध्येच तोडत नाही, भांडत नाही. बायको म्हणाली, "थकलीय." मी हो म्हटलं. दोघांनाही पटलं नाही.

२६ मार्च
छातीच्या फोटोत बुरशीचा डाग निम्म्यावर आलाय. सांगायला खोलीत गेलो, खुर्ची ओढली, गोष्ट सुरू केली. भिंगरी म्हणाली, "बाबा, पुरे! कंटाळा आलाय तुझा. बेकरीत जा ना!"
जिन्यात बसून पोटभर रडलो. मग गेलो.